खोलीतला व्यायाम, फोनवरचा फिजिओ

भिवंडीत धामणकर नाक्याजवळ राहणाऱ्या एमएसच्या रुग्णाला फिजिओथेरपीसाठी परळला जायचं असेल, तर काय काय करावं लागतं ते एकदा मोजून पाहा. घराचा जिना उतरायचा. रिक्षानं ठाण्याला किंवा कल्याणला जायचं. अंजूरफाट्याला किंवा कशेळीच्या पुलाजवळ कंटेनरची रांग लागली असेल तर तिथंच अडकून बसायचं. स्टेशनचा पूल चढायचा, गर्दीच्या लोकलमध्ये शिरायचं, उतरून पुन्हा पूल, मग रुग्णालयातली रांग. एवढं झाल्यावर फिजिओच्या समोर अर्धा तास, आणि परतीला हेच सगळं उलट क्रमानं.

ज्या आजारात थकवा हेच सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण आहे, त्या आजाराच्या माणसाची दिवसाची सगळी ताकद या वाटेवरच संपते. दुसरा दिवस अंथरुणात जातो. तिसऱ्या दिवशी घरातलं कुणीतरी म्हणतं, "अगं, व्यायामानं तर तू जास्तच आजारी पडलीस." असं दोन-तीनदा झालं की व्यायाम सुटतो. खरं तर व्यायामानं त्रास झालेलाच नसतो, प्रवासानं झालेला असतो. म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असलेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी फोनवरून होणारं पुनर्वसन नीट समजून घ्यावं असं मला कळकळीनं वाटतं. रोज सकाळी हाताशी येते ती ताकद मोजकी असते. ती रिक्षात घालवायची की पायाच्या स्नायूंवर लावायची, हे आपल्याला ठरवता येतं.

भिवंडीच्या वाचकाला हा आजार सायझिंगच्या भाषेत चांगला कळेल. ताण्याचं सूत लूमवर चढवण्याआधी त्याला खळ देतात. खळीचा तो पातळ थर नसेल तर सूत घासतं, तंतू सुटतात आणि धागा तुटत राहतो. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांतल्या मज्जातंतूंवरही असाच एक थर असतो, मायलिनचा. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्या थरावर उलटते. थर गेला की मेंदूचा निरोप पायापर्यंत हळू पोचतो, अर्धवट पोचतो, कधी पोचतच नाही. थर कुठला गेला त्यावर त्रास ठरतो. एका डोळ्याला धूसर दिसतं, पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, हातातून पेला निसटतो, लघवी थांबवता येत नाही, बोलता बोलता शब्द सापडत नाही. फ्रेंच डॉक्टर झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराची पद्धतशीर मांडणी केली. तो बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. म्हणजे लेकरं लहान, नोकरी नवी, घराचे हप्ते चालू, अशाच वयात.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करू. व्यायाम आणि खेळ यांनी आजार थांबत नाही. ते काम न्यूरॉलॉजिस्टनी दिलेल्या औषधांचं आहे आणि ती कुठल्याही कारणानं परस्पर बंद करायची नाहीत. व्यायाम करायचा तो उरलेली वाट चालती ठेवण्यासाठी. न वापरल्यामुळे कमजोर झालेला स्नायू, आखडलेली पोटरी, पडण्याच्या भीतीनं बंद झालेलं चालणं, यांतलं बरंच काही परत मिळवता येतं. एके काळी डॉक्टरच एमएसच्या रुग्णांना सांगत, दमू नका, पडून राहा. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठातल्या संशोधकांनी रुग्णांकडून १५ आठवडे नियमित व्यायाम करवून घेतला. त्यांचा दम वाढला, ताकद वाढली. तेव्हापासून सल्ला बदलत गेला. २०१३ मध्ये कॅनडात तयार झालेली शिफारस आता बऱ्याच ठिकाणी मानली जाते. सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या प्रौढांनी आठवड्यातून दोनदा ३० मिनिटं धाप किंचित वाढेल असा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम करावा, अशी ती शिफारस आहे. ३० मिनिटं एका दमात करायची असं मात्र नाही. दहा मिनिटं, मग विश्रांती, मग पुन्हा दहा, असं चालतं.

पहिली भेट समोरासमोर

घरून व्यायाम करायचा म्हणजे कुठलाही व्हिडिओ लावून सुरू करायचं असं नव्हे. पहिली तपासणी प्रत्यक्ष व्हायलाच हवी. मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची केंद्र सरकारची. मोठ्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत न्यूरॉलॉजी आणि फिजिओथेरपी असे दोन्ही विभाग असतात. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही रुग्णांची संस्था १९८५ मध्ये मुंबईत सुरू झाली. तिच्या शाखा वेगवेगळ्या शहरांत आहेत आणि एमएस समजणारा फिजिओ कुठे मिळेल हे विचारायला ती योग्य जागा आहे. हा एक प्रवास जरूर करा. आदल्या दिवशी पूर्ण विश्रांती घ्या आणि सोबत माणूस न्या. स्नायूंचा ताठरपणा हातानं हलवून पाहावा लागतो, पायाच्या कुठल्या भागात संवेदना नाही हे टोचून बघावं लागतं. फोनवरून हे होत नाही.

त्या भेटीत फिजिओला सरळ विचारा, पुढचे दोन-तीन महिने तुम्ही आम्हाला व्हिडिओ कॉलवर पाहाल का? २०२० च्या टाळेबंदीनंतर अनेकांना या कामाची सवय झाली आहे. ओळखीतून किंवा जाहिरातीतून दुसरं कुणी मिळालं, तर त्यांची महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेतली नोंदणी विचारा. यात संकोच नको, चांगला फिजिओ स्वतःहून नोंदणी क्रमांक देतो. भाषाही बघा. भिवंडीत एका गल्लीत उर्दू, दुसरीत तेलुगू, तिसरीत आगरी बोली ऐकू येते. गुडघा 'जड' वाटतो, 'सुन्न' वाटतो की 'ओढल्यासारखा' वाटतो, यातला फरक ज्याला कळतो तोच व्यायाम नीट बदलून देईल. रुग्ण स्त्री असेल आणि तिला बाई फिजिओ हवी असेल, तर ती मागण्याचा तिला पूर्ण हक्क आहे.

फोनवरच्या पुनर्वसनाचा उपयोग होतो का? २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात एमएसमधल्या अशा पुनर्वसनाचे ९ प्रयोग तपासले गेले, आणि पुरावा अजून कच्चा आहे असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर काम वाढलं आहे, पण चमत्काराची आशा धरू नये. माझं मत साधं आहे. महिन्यातून एकदा मिळणाऱ्या उत्तम फिजिओथेरपीपेक्षा आठवड्यातून चारदा घरी होणारी साधी फिजिओथेरपी जास्त कामाची, कारण स्नायूला लागतो तो सततचा सराव.

दहा बाय बाराच्या खोलीत

आपल्याकडची घरं लहान आहेत, त्याची लाज वाटून घेऊ नका. फिजिओला डोक्यापासून टाचेपर्यंत पूर्ण शरीर दिसलं पाहिजे, एवढीच गरज आहे. त्यासाठी फोन तुमच्यापासून सहा-आठ फुटांवर आणि साधारण गुडघ्याच्या उंचीला ठेवा. स्टुलावर दोन पुस्तकं आणि त्यांना टेकवलेला फोन पुरतो. उजेड तुमच्या तोंडावर यावा. खिडकी पाठीमागे असली तर तुम्ही काळी सावली दिसता आणि फिजिओला काही कळत नाही. खाट एका भिंतीला सरकवा, पायपुसणं उचला, फरशी कोरडी आहे ना बघा. प्लॅस्टिकची खुर्ची सरकते, म्हणून तिची पाठ भिंतीला लावा. उभ्यानं करायचे व्यायाम स्वयंपाकाच्या ओट्याला धरून करा, मात्र गॅस बंद असताना. ओटा कंबरेच्या उंचीचा असतो आणि हलत नाही, त्यामुळे आधाराला चांगला.

कपड्यांबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून सांगावंसं वाटतं. साडीत किंवा मॅक्सीत गुडघा आणि घोटा दिसत नाही. गुडघा मागे लचकतो का, पाऊल खाली लोंबतं का, हे बघितल्याशिवाय फिजिओ पुढचा व्यायाम देऊ शकत नाही. सलवार, लेंगा किंवा ट्रॅकपँट घाला आणि गरज पडली तर पोटरीपर्यंत दुमडा. एकत्र कुटुंबात सुनेला सासऱ्यांसमोर किंवा दिरांसमोर असा व्यायाम करणं अवघड जातं. अर्ध्या तासासाठी दार लावून खोली तिची, एवढं घरच्यांनी ठरवून दिलं पाहिजे. कॉल रेकॉर्ड होणार असेल तर आधी विचारलं गेलं पाहिजे, आणि नको म्हणायची तिला मुभा हवी.

घराला लागून लूमचं शेड असेल तर खटखटीत सूचना ऐकू येणार नाहीत. इयरफोन लावा, पण बिनवायरचे. वायर पायात आली तर पडायला होतं. हाताच्या दोन खुणाही ठरवून घ्या. तळवा पुढे केला म्हणजे थांबा, मूठ वर केली म्हणजे बसा. वीज गेली की वायफाय जातं, तेव्हा फोन आधीच चार्ज करून ठेवा आणि मोबाइल डेटा शिल्लक ठेवा. कॉल मध्येच तुटला तर उभ्यानं वाट बघू नका, खुर्चीत बसा.

घरात दुसरं माणूस असल्याशिवाय उभ्याचे व्यायाम करू नका. हा नियम कितीही बरं वाटलं तरी मोडायचा नाही. सत्राच्या आधी लघवीला जाऊन या. पुष्कळ जण घाईच्या भीतीनं पाणीच कमी पितात. त्यानं लघवीचा जंतुसंसर्ग होतो, आणि एमएसमध्ये असा संसर्ग झाला की पाय एकदम ढासळतात.

वज्रेश्वरीचं गरम पाणी आणि भिवंडीचा मे महिना

आपल्याच तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी इथं गरम पाण्याची कुंडं आहेत. सांधे धरले, कंबर धरली की लोक तिथं स्नानाला जातात, आणि पायात मुंग्या येणाऱ्या माणसालाही कुणीतरी प्रेमानं तोच सल्ला देतं. एमएसच्या रुग्णानं हा सल्ला मानू नये. देवीच्या दर्शनाला जरूर जा, कुंडात उतरू नका.

याचं कारण जुनं आणि चांगलं तपासलेलं आहे. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवलं की काही रुग्णांना श्रम केल्यावर तात्पुरतं धूसर दिसू लागतं. पुढे कळलं की खरं कारण श्रम नव्हेत, श्रमानं वाढलेली शरीराची उष्णता. मायलिन गेलेला तंतू आधीच जेमतेम निरोप पोचवत असतो, शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी तो अडखळतो. एमआरआय येण्याच्या आधी तर डॉक्टर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते बघत आणि त्यावरून एमएसचा अंदाज बांधत. ज्या पाण्यानं हा आजार उघडा पडतो, त्या पाण्यात मुद्दाम बसायचं नसतं. कुंडात पाय लुळे पडले तर बाहेर येता येत नाही, हा धोका वेगळाच.

दिलासा असा, की उष्णतेनं वाढलेली लक्षणं अंग थंड झालं की ओसरतात. त्यानं नवी इजा होत नाही. त्यामुळे घाबरून व्यायाम सोडायचा नाही, अंग तापू द्यायचं नाही. एप्रिल-मे मध्ये व्यायाम सकाळी सातच्या आत उरका. पत्र्याच्या छपराखाली राहत असाल तर दुपारी आणि संध्याकाळीही नको, पत्रा रात्रीपर्यंत तापलेला असतो. सुरू करण्याआधी थंड पाणी घोट घोट प्या, मानेभोवती ओला पंचा ठेवा, पंखा अंगावर घ्या. बर्फ लावायचा तर कापडात गुंडाळूनच, आणि ज्या भागाला संवेदना कमी आहे तिथं अजिबात नाही, कारण कातडी भाजल्यासारखी होते आणि कळतही नाही. रोजे किंवा उपवास धरायचे का, आणि त्या दिवसांत गोळ्यांच्या वेळा काय, हे डॉक्टरांशी आधी बोला. रमजानमध्ये व्यायाम इफ्तारनंतर तासा-दीडतासानं हलका ठेवता येतो.

खेळ कशासाठी

पाय वीस वेळा उचला, असं सांगितलं की चौथ्या दिवशी कंटाळा येतो. तेच पाय उचलून पडद्यावरचा चेंडू अडवायचा असेल तर माणूस पंचवीस वेळा उचलतो आणि मोजतही नाही. खेळातून पुनर्वसन या विचाराचं मूळ इतकंच आहे.

निन्टेंडो कंपनीचं 'वी' हे खेळाचं यंत्र २००६ मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी त्याची फळी आली. फळीवर उभं राहून अंगाचा भार इकडून तिकडे नेला की पडद्यावरची आकृती सरकते. रोममधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एमएसच्या ३६ रुग्णांना ही फळी घरी देऊन १२ आठवडे सराव करवला. त्यांचा तोल सुधारला. काहींना गुडघे आणि कंबर दुखण्याचा त्रासही झाला, तो विसरू नये. मायक्रोसॉफ्टचा हालचाल ओळखणारा 'किनेक्ट' कॅमेरा २०१० मध्ये आला आणि त्याचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं. आज ही जुनी यंत्रं कुणी सेकंडहँड विकत असेल तर त्यात पैसे घालू नका. फोनच्या किंवा लॅपटॉपच्या कॅमेऱ्यानं हालचाल ओळखणारे खेळ आता मिळतात, आणि फिजिओ स्वतः कॉलवर खेळ लावू शकतो. तो 'उजवा', 'डावा' असं पुकारतो, तुम्ही ओट्याला धरून तो पाय पुढे टाकता. दहा पुकारांत किती बरोबर आले, एवढा गुण पुरे.

बाजारातले हालचालीचे खेळ धडधाकट पोरांसाठी केलेले असतात. वेग जास्त, वेळ कमी, आणि चुकलं की पडदा लाल होऊन 'हरलात'. एमएसच्या माणसाच्या हातात असा खेळ दिला तर तो दोन दिवसांत खचतो. खेळ निवडताना तीन गोष्टी बघा. वेग कमी करता येतो का, बसून खेळता येतो का, आणि मध्येच थांबवता येतो का. यातलं एकही नसेल तर तो खेळ नको. दोन-दोन दिसत असेल किंवा डोळे थरथरत असतील तर वेगानं सरकणारी चित्रं टाळा, फोनऐवजी टीव्हीचा मोठा पडदा घ्या. फिट्सचा इतिहास असेल तर लुकलुकणाऱ्या दिव्यांचे खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

बुद्धीच्या खेळांबद्दल एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. न्यूयॉर्कमधल्या ली शार्वेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. एमएसच्या १३५ रुग्णांना १२ आठवडे घरीच लॅपटॉपवर सराव दिला. एका गटाला नेहमीचे कॉम्प्युटर गेम, दुसऱ्याला असे खेळ जे खेळणाऱ्याची प्रगती बघून आपोआप अवघड होत जातात. साधे गेम खेळणारा गट जास्त तास खेळला, पण विचारशक्तीत सुधारणा दुसऱ्या गटात अधिक दिसली. म्हणजे तासन्‌तास रंगीत गोळ्या फोडून मेंदूला सराव होत नाही. जे जेमतेम जमतं, किंचित अवघड वाटतं, त्यावर पंधरा-वीस मिनिटं घालवणं कामाचं.

याला महागडं ॲप लागतंच असं नाही. वर्तमानपत्रातलं सुडोकू सोपं जायला लागलं की मध्यम पातळीचं घ्या. फोनवर बुद्धिबळाचा असा डाव लावा की ज्यात रोज एकच चाल करायची. नाशिकचा भाऊ आणि भिवंडीची बहीण असा डाव महिनाभर चालवू शकतात, आणि त्या निमित्तानं रोज दोन वाक्यं बोलणं होतं. घरातल्या किराणा सामानाची यादी न बघता आठवून सांगायची, दर आठवड्याला एक वस्तू वाढवायची, हाही खेळच आहे.

आणि कॅरम! आपल्या चाळी-वस्त्यांत घरोघरी असलेला हा बोर्ड फिजिओच्या दृष्टीनं उत्तम साधन आहे. स्ट्रायकर धरताना आणि टिचकी मारताना बोटांची नेमकी हालचाल होते, कोपऱ्यातल्या सोंगटीसाठी वाकताना धडाचा तोल लागतो, आणि कोणती सोंगटी आधी घ्यायची यात डोकं लागतं. पाठ टेकवलेल्या खुर्चीतून सुरू करा. जमलं की पाठ न टेकता बसा. त्याहून पुढे, फिजिओ हो म्हणाला तर, मागे खुर्ची ठेवून उभ्यानं खेळा. बोरिक पावडर फरशीवर सांडली तर पाय सरकतो, म्हणून खेळ संपल्यावर फरशी पुसून घ्या. बोर्डाखाली चादर घालू नका, तीही सरकते. सागरगोटे टेबलावर खेळता येतात. एका हाताची बोटं अडत असतील तर राजम्याचे नऊ दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे आणि वेळ मोजायची.

पैसे लावून खेळायच्या ॲपपासून लांब राहा. दिवसभर घरात असलेल्या, एकट्या पडलेल्या माणसाला त्यांचा विळखा पटकन बसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आहे. तरीही कुणी लिंक पाठवली तर उघडू नका.

घरच्यांशी बोलणं

एमएसचा थकवा बाहेरून दिसत नाही. चेहरा ताजा असतो, ताप नसतो, प्लास्टर नसतं. त्यात ती बाई दुपारी पडून राहते आणि मग फोनवर खेळते, हे सासूबाईंना कसं दिसत असेल याचा विचार करा. त्या वाईट नाहीत, त्यांना सांगितलेलं नसतं. म्हणून पहिल्या एक-दोन कॉलना घरातल्या मोठ्या माणसाला मुद्दाम शेजारी बसवा. "आई, हा खेळ म्हणजे यांचं औषध आहे, दिवसातून दोनदा, वीस मिनिटं" असं फिजिओनं त्यांना सांगितलं की घरातलं वातावरण बदलतं. मग त्याच विचारतात, आज झालं का तुझं? वेळ ठरलेली असावी, म्हणजे बाकीचा वेळ पडद्यासमोर जाणार नाही.

नवऱ्यानं आणि मुलांनीही समजून घ्यायचं आहे. व्यायामाच्या दिवशी कपडे धुणं, पाणी भरणं, भाकऱ्या हे सगळं आधीसारखंच तिच्या अंगावर राहिलं, तर व्यायाम हे आणखी एक कामच ठरेल. व्यायाम दिला तर तेवढं एक काम कमी केलं पाहिजे. हा हिशेब कुणी मांडत नाही, आणि तिथेच बहुतेक घरांत पुनर्वसन फसतं.

एमएसमध्ये निराशा पुष्कळांना येते. काही वेळा ती परिस्थितीमुळे येते, काही वेळा आजारानं मेंदूत केलेल्या बदलांमुळे. जगणं नको वाटू लागलं, झोप उडाली, कशातच मन लागेना, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. मराठीतही बोलता येतं, आणि पैसे पडत नाहीत.

कधी थांबायचं

व्यायामानंतर दमायला होणारच. तो थकवा साधारण दोन तासांत ओसरला तर मात्रा बरोबर होती. संध्याकाळपर्यंत किंवा दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिला तर जास्त झालं, पुढच्या वेळी निम्मं करा. बरं वाटतंय म्हणून एका दिवशी दुप्पट करण्याचा मोह सगळ्यांना होतो. अजून थोडं जमेल असं वाटत असतानाच थांबायला शिका.

ताप असेल, लघवीला जळजळ असेल तर व्यायाम बंद ठेवा आणि आधी त्याचा उपचार घ्या. अशा छोट्या दुखण्यासाठी ई-संजीवनीवर सरकारी डॉक्टरांचा सल्ला घरबसल्या मिळतो. पण नवीन त्रास सुरू झाला, एखादा डोळा अंधुक झाला, एक पाय अचानक जड पडला, आणि ताप किंवा संसर्ग नसताना तो २४ तासांहून जास्त टिकला, तर तो आजाराचा नवा झटका असू शकतो. तेव्हा फिजिओला नव्हे, न्यूरॉलॉजिस्टना फोन करायचा, आणि त्याच दिवशी. शिरेतून स्टिरॉइड दिली असतील तर व्यायाम पुन्हा कधी सुरू करायचा हे त्यांनाच विचारा. पडून डोक्याला मार लागला, किंवा बोलणं अचानक अडखळलं, तोंड वाकडं झालं, तर तडक रुग्णालय. अशा वेळी एमएसच असेल असं घरी ठरवू नका.

कागदांचंही बघा. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारच्या अपंगत्वांची यादी आहे आणि त्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट आहे. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करता येतो, तपासणी अधिकृत सरकारी रुग्णालयात होते. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. तपासणीला जाताना एमआरआयचे अहवाल न्याच, पण तिथं तुम्ही पाच पावलं नीट चालून दाखवाल आणि डॉक्टरांना दहाव्या मिनिटाला होणारे हाल दिसणार नाहीत. त्यासाठी वही लागते.

दोनशे पानी साधी वही घ्या. डाव्या पानावर तारीख, वेळ, काय केलं, किती मिनिटं, थकवा कधी ओसरला. उजव्या पानावर महिन्यातून एकदा तीन मोजमापं. गॅलरीत पंचवीस फुटांवर खडूनं रेघ मारा आणि तेवढं अंतर चालायला किती सेकंद लागतात ते लिहा, कारण डॉक्टरही हेच अंतर वापरतात. खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला किती सेकंद लागले ते लिहा. नऊ दाण्यांची वेळ उजव्या आणि डाव्या हाताची वेगळी लिहा. दर महिन्याला वेळ तीच ठेवा, सकाळचं मोजमाप सकाळच्याच मोजमापाशी ताडता येतं. त्या दिवशी उकाडा होता का, झोप झाली होती का, हेही एका शब्दात टिपा. सहा महिन्यांनी परळला किंवा हाजीअलीला जाल तेव्हा फोनच्या आधी ही वही टेबलावर ठेवा.